परदेशी विद्यापीठाच्या दारातली भाषेची परीक्षा

"भाऊ, त्या विद्यापीठानं साडेसहा मागितले होते. पोरीला साडेसहाच मिळाले. मग पत्र का अडलं?"

रविवारची वंदना आटोपली होती. मंडळी पायरीवर आपापल्या चपला शोधत होती. तेवढ्यात एका माउलीने आम्हाला बाजूला घेऊन हा प्रश्न विचारला. बाई चार घरची धुणीभांडी करतात. नवरा महापालिकेच्या सफाई खात्यात आहे. मुलगी बी.ए. झाली, एम.ए. झाली आणि आता तिला इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले होते. वस्तीत पेढे वाटून झाले होते. पण पत्रात एक ओळ होती, तिचा अर्थ घरात कुणालाच नीट लागला नव्हता. पत्र अटीचे होते आणि ती अट इंग्रजीच्या परीक्षेची होती.

बाईंना आम्ही जे समजावून सांगितले, तेच आज या पानावर सविस्तर लिहीत आहोत. कारण हा प्रश्न आता एकट्या त्या माउलीचा राहिलेला नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्र सरकार अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना देते. तिच्या दरवर्षी ७५ जागा असतात. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. दोन्हीकडे जाहिराती निघाल्या की आपल्या वस्त्यांतून चौकशा सुरू होतात. मुले पदवीचे गुण, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांची जुळवाजुळव करतात. पण विद्यापीठाचे पत्र बिनअटीचे असावे लागते, हे अनेकांना शेवटच्या महिन्यात कळते. आणि भाषेच्या परीक्षेत हवे तेवढे गुण पडल्याशिवाय ते पत्र सहसा बिनअटीचे होत नाही. म्हणजे शिष्यवृत्तीची वाट या परीक्षेच्या दारातूनच जाते.

भाषेचे दार बंद होणे आपल्या समाजाला नवीन नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही. त्यांना पर्शियन घ्यावी लागली. इंग्रजीचा पाया मात्र त्यांच्या वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, घरातच पक्का करून घेतला होता. तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून करवून घेतल्या. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेव्हा टोफेल नव्हती, आयईएलटीएसही नव्हती.

योगायोग असा, की त्याच १९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परक्या देशांतील लोकांसाठी इंग्रजीची पहिली मोठी परीक्षा घेतली. ती सुमारे बारा तास चालली. बसले तीन उमेदवार आणि तिघेही नापास झाले! आज लाखो मुले अशा परीक्षेला बसतात. नापासाचा शिक्का कुणावर मारला जात नाही, फक्त आकडा हातात पडतो. पण तो आकडा कमी पडला की दार बंद.

अमेरिकेने परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९६४ मध्ये टोफेल सुरू केली. इंग्लंडमध्ये ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांची परीक्षा १९८० मध्ये आली. १९८९ मध्ये त्यांना ऑस्ट्रेलियातील आयडीपी ही संस्था येऊन मिळाली आणि आयईएलटीएस जन्माला आली. मुले तिला 'आयेल्ट्स' म्हणतात. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड इकडे जाणारी आपली बहुतेक मुले हीच परीक्षा देतात, म्हणून तिच्याबद्दल अधिक सांगतो.

आकडा कसा बनतो?

परीक्षेचे चार भाग असतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे. प्रत्येक भागाला शून्य ते नऊ असे गुण, आणि मध्ये अर्धे. चारही भागांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या आकड्याला आणतात. सरासरीत पाव आला तर तो वर अर्धा धरतात, पाऊण आला तर पुढचा पूर्ण आकडा देतात.

आता त्या माउलीच्या मुलीचा कागद पाहा. ऐकण्यात ७, वाचनात साडेसहा, बोलण्यात साडेसहा आणि लेखनात साडेपाच. बेरीज साडेपंचवीस. चाराने भागली तर सहा पूर्णांक आणि वर तीन अष्टमांशांच्या आसपास. जवळचा अर्धा आकडा साडेसहा. म्हणून कागदावर वर मोठ्या अक्षरात साडेसहा छापून आले आणि घरात आनंद झाला. पण विद्यापीठाची अट दोन तुकड्यांची होती. एकूण साडेसहा हवेत, आणि कोणत्याही एका भागात सहाच्या खाली नकोत. लेखनात अर्धा आकडा कमी पडला, तिथे गाडी थांबली.

पहिला तुकडा सगळे वाचतात, दुसरा कुणीच वाचत नाही. आमच्या पाहण्यातील निम्मी घोटाळ्याची प्रकरणे या दुसऱ्या तुकड्यात अडकलेली असतात. एकाच विद्यापीठात कायद्याला एक आकडा असतो, समाजशास्त्राला दुसरा, अभियांत्रिकीला तिसरा. तेव्हा मित्राला किती लागले हे विचारून चालत नाही. आपल्या अभ्यासक्रमाच्या पानावर जे छापले आहे तेच खरे.

आणखी एक. या गुणांचे आयुष्य दोन वर्षांचे असते. टोफेल, पीटीई, ड्युओलिंगो यांचेही तसेच. आमच्या एका ओळखीच्या मुलाने बी.ए. च्या दुसऱ्या वर्षालाच हौसेने परीक्षा दिली, छान गुण मिळवले आणि कागद लॅमिनेट करून कपाटात ठेवला. अर्ज करायची वेळ आली तेव्हा तो कागद फक्त भिंतीवर लावण्याच्या लायकीचा उरला होता.

ऐकणे आणि वाचणे

ऐकण्याच्या भागात चार ध्वनिमुद्रणे ऐकवतात आणि चाळीस प्रश्न असतात. प्रत्येक मुद्रण एकदाच वाजते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे भीती वाटते ती उच्चारांची. पण गुण जातात ते बहुधा दुसरीकडे. उत्तरात स्पेलिंग चुकले तर उत्तर चूक. 'दोन शब्दांपेक्षा जास्त नको' असे सांगितलेले असताना तीन लिहिले तरी चूक. पत्ता, फोन नंबर, आडनावाची अक्षरे भराभर सांगितली जातात आणि आपले मूल 'थर्टीन' की 'थर्टी' यात घुटमळते, तोवर पुढची दोन उत्तरे निघून जातात. याला उपाय सवयीचा. रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या कानावर घ्याव्यात आणि ऐकलेले आकडे व नावे कागदावर उतरवावीत. घरातल्या लहान भावंडाला आकडे वाचायला बसवले तरी चालते. आम्ही एका घरात पाहिले, सातवीतला भाऊ ताईला रोज रात्री वीस फोन नंबर इंग्रजीत घडाघडा वाचून दाखवत असे. त्यात त्याचेही इंग्रजी सुधारले.

वाचनात तीन लांबलचक उतारे, चाळीस प्रश्न आणि एक तास. त्यातला एक प्रकार मुलांना फार छळतो. एक विधान दिलेले असते. ते उताऱ्याप्रमाणे खरे आहे, खोटे आहे, की उताऱ्यात त्याबद्दल काही सांगितलेलेच नाही, हे ठरवायचे. आपली मुले खरे आणि खोटे यात पटाईत असतात. तिसऱ्या उत्तरापाशी घसरतात, कारण त्यांना त्या विषयाची बाहेरची माहिती असते आणि ती ते उताऱ्यात घालतात. विहारात आपण कालाम सुत्तावर प्रवचन ऐकतो, ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून मानू नये असे शिकतो. या परीक्षेच्या त्या एका तासापुरते मात्र उलटे करावे लागते. कागदावर जेवढे लिहिले तेवढेच मानायचे, त्याबाहेरचे आपले ज्ञान पिशवीत बांधून ठेवायचे!

लेखन: जिथे बहुतेक अडकतात

लेखनात दोन कामे एका तासात. पहिल्यात एखादा आलेख किंवा तक्ता पाहून किमान दीडशे शब्द, दुसऱ्यात एखाद्या वादाच्या विषयावर किमान अडीचशे शब्दांचा निबंध. दुसऱ्या कामाचे वजन पहिल्याच्या दुप्पट आहे. तरी मुले पहिल्यातच अर्धा तास घालवून बसतात.

गुण कशाला देतात हे परीक्षा घेणाऱ्यांनी उघड छापलेले आहे, ते गुपित नाही. विचारलेल्याचे उत्तर दिले का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्दांचा वापर कसा आहे आणि व्याकरण कसे आहे, या चार गोष्टी सारख्या वजनाने पाहतात. यात 'जड शब्द' असा वेगळा रकाना कुठेच नाही. आमच्या त्या मुलीला क्लासच्या सरांनी निबंधाचा साचा पाठ करून घ्यायला लावला होता. सुरुवातीची चार वाक्ये ठरलेली, शेवटची तीन ठरलेली, मध्ये विषय भरायचा. विषय आला तो शहरातील वाहतुकीचा. तिने साचा भरला, जड शब्द पेरले, आणि प्रश्नात जो नेमका दुसरा भाग विचारला होता तो तसाच राहिला. तपासणाऱ्याला साचा ओळखू येतो. पाठ केलेल्या मजकुराला गुण द्यायचे नाहीत, हे त्यांना शिकवलेलेच असते.

लिहिण्याची दुसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. परीक्षा आता बहुतेक ठिकाणी संगणकावर असते. आपल्या घरात संगणक नसतो, मोबाईल असतो. अंगठ्याने टाईप करण्यात मुले तरबेज असतात, पण कीबोर्डसमोर बसवले की एकेक अक्षर शोधत बसतात. एका तासात चारशे शब्द टाईप करायचे म्हणजे हात चालता हवा. मागच्या पिढीत आपली मुले दहावीनंतर टायपिंगच्या क्लासला जात, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांची प्रमाणपत्रे मिळवत आणि त्या बळावर कारकून होत. त्या विद्येची गरज पुन्हा लागली आहे. परीक्षेच्या आधी दोन महिने रोज एक तास कुठेतरी, ग्रंथालयात, कॉलेजात, ओळखीच्या कार्यालयात, कीबोर्डवर बसण्याची सोय पालकांनी जरूर पाहावी.

आपले घर, आपला सण

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. समोर माणूस असतो, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर. आधी तुमचे घर, गाव, शिक्षण, आवडीनिवडी यांवर साधे प्रश्न. मग एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि एक ते दोन मिनिटे बोलायला. शेवटी त्याच विषयावर थोडी खोल चर्चा.

या भागाबद्दल आम्हाला मनापासून काही सांगायचे आहे. एका मुलाला आम्ही सरावासाठी विचारले, तुझ्या घराचे वर्णन कर. तो म्हणाला, आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, मागे बाग आहे, बाल्कनीतून समुद्र दिसतो. हा मुलगा दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत वाढलेला. आम्ही म्हटले, अरे, बाल्कनीतून समुद्र दिसतो तर भरती केव्हा असते ते सांग. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "क्लासमध्ये सांगितलंय, चाळ म्हणायचं नाही. इम्प्रेशन खराब होतं."

सणाचेही तसेच. आवडत्या सणाबद्दल बोला असे कार्ड येते. आपल्या मुलांना दिवाळीवर पाठ केलेले उत्तर दिलेले असते. पणत्या, फराळ, फटाके. बोलताना आवाजात जीव नसतो, आणि परीक्षकाने "मग तुमच्या घरी त्या दिवशी काय काय करतात?" असा साधा प्रश्न विचारला की गाडी घसरते. त्याच मुलाला आम्ही विचारले, चौदा एप्रिलला तू काय करतोस? तेव्हा तो इंग्रजीत, मोडकेतोडके का होईना, पाच मिनिटे थांबला नाही. रात्री बाराला निघणारी मिरवणूक, आईची पांढरी साडी, वर्गणीचा हिशोब, आजोबांनी सांगितलेली दीक्षाभूमीची आठवण. शब्द अडले तिथे त्याने दुसरे शब्द शोधले. नेमके हेच तर परीक्षक पाहत असतो!

बोलण्याचे गुण प्रवाह, शब्द, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींवर मिळतात. घर किती मोठे याला गुण नाहीत. उच्चारातही इंग्रजांसारखे बोलणे अपेक्षित नाही, समोरच्याला कळेल असे स्पष्ट बोलणे अपेक्षित आहे. मराठी वळणाच्या इंग्रजीला गुण कापत नाहीत. चाळीतले घर, सार्वजनिक नळ, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत घालवलेली रात्र, विहारातील वाचनालय, या गोष्टी मुलांनी इंग्रजीत सांगायला शिकाव्यात. त्यात खोटे बोलण्याची मेहनत वाचते, हा फायदा वेगळा.

फी, क्लास आणि फसवणूक

आता पैशाचे बोलू. आयईएलटीएसची फी आपल्याकडे सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात आहे. त्या माउलीने ही रक्कम बचत गटातून उचलली होती. शिष्यवृत्ती मिळाली तर पुढची शिक्षण फी आणि विमानभाडे सरकार भरते, पण पासपोर्ट, परीक्षा, विद्यापीठाची अर्ज फी हा सगळा खर्च आधी घरातून जातो. पूर्वीच्या काळी आपल्याला जातीमुळे दारात उभे राहू दिले नाही. ही परीक्षा जात विचारत नाही, पण दारात उभे राहण्याचेच अठरा हजार मागते.

हा केवढा व्यवहार आहे हेही वाचकांना ठाऊक असावे. २०२१ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने भारतातील आपला आयईएलटीएसचा धंदा आयडीपीला विकला, तो तेरा कोटी पौंडांना. तेव्हापासून भारतात ही परीक्षा आयडीपीच घेते. परदेशी शिकण्याची आपल्या मुलांची इच्छा ही कुणाच्या तरी हिशोबाच्या वहीत जमेची बाजू आहे. म्हणून परीक्षा देऊ नये असे आम्ही म्हणत नाही, पण डोळे उघडे ठेवून द्यावी.

क्लासवाल्यांबद्दल सरसकट वाईट बोलणे बरोबर नाही, चांगले शिकवणारेही आहेत. पण 'सात बँडची गॅरंटी' असा फलक दिसला की पाय मागे घ्यावा. गुण देणे क्लासच्या हातात नसते. आणि कुणी पैसे घेऊन आतून काम करून देतो म्हणाला, तर त्या घरात पुन्हा पाय ठेवू नये. इंग्लंडमध्ये याचा मोठा दाखला घडला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने विद्यार्थी व्हिसासाठीच्या टोईक या इंग्रजी परीक्षेत काही केंद्रांवर कसे तोतये बसवतात ते दाखवले. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने मग २०११ ते २०१४ मधील ५८ हजारांवर निकाल तपासले आणि ३३ हजारांवर बोगस, २२ हजारांवर संशयास्पद ठरवले. सरकारने हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसे रद्द केले. त्यात भारतीय मुले पुष्कळ होती. काहींनी खरोखर लबाडी केली होती. पण अनेकांनी केली नव्हती, तेही त्याच जाळ्यात सापडले. शिक्षण अर्धवट, भरलेली फी बुडाली, घरी तोंड दाखवायची लाज. काही जण कित्येक वर्षे कोर्टात लढले आणि जिंकलेही. पण गेलेली वर्षे परत आली नाहीत. गरिबाच्या मुलाला अशी लढाई परवडत नाही.

दुसरी दारे

आयईएलटीएस हेच एक दार नाही. टोफेल अमेरिकेत अधिक चालते. तिची रचना आणि गुण देण्याची पद्धत अलीकडे बदलत गेली आहे, तेव्हा जुनी पुस्तके रद्दीवाल्याकडून स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नयेत. पिअर्सनची पीटीई पूर्ण संगणकावर असते, बोलायचेही यंत्राशी. दहा ते नव्वद असे तिचे गुण. काही लाजऱ्या मुलांना माणसापेक्षा यंत्र बरे वाटते.

ड्युओलिंगोची परीक्षा २०१६ पासून आहे, ती घरी बसून देता येते आणि फी आयईएलटीएसच्या निम्म्याहूनही कमी. पण तिच्यासाठी बंद, शांत, उजेडाची खोली लागते आणि परीक्षा चालू असताना दुसरे कुणीही आत येता कामा नये. एका खोलीच्या घरात हे कसे जमायचे? आजी पाणी प्यायला उठली तरी निकाल अडकू शकतो. तेव्हा ज्यांचे घर मोठे आहे अशा नातेवाइकांनी त्या एका तासापुरती खोली मोकळी करून द्यावी. हे दान कमी नाही. मात्र आपले विद्यापीठ ही परीक्षा मानते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

परीक्षेतून सूटही मिळते, हे फार थोड्यांना माहीत आहे. ब्रिटनमधील काही विद्यापीठे भारतातील बारावीच्या इंग्रजीचे चांगले गुण पाहून वेगळी परीक्षा मागत नाहीत. कोणते बोर्ड आणि किती टक्के, हे प्रत्येकाचे निराळे असते. कुठे कुठे पदवीचे शिक्षण इंग्रजीतून झाल्याचे कॉलेजचे पत्र चालते. अठरा हजार भरण्याआधी विद्यापीठाला एक ईमेल करायला पैसे पडत नाहीत.

इंग्रजीखेरीज इतर भाषांचेही पाहावे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षण फी घेत नाहीत. जर्मन भाषेतून शिकायचे तर टेस्टडाफ किंवा डीएसएच अशी परीक्षा द्यावी लागते. जर्मन शिकण्यासाठी पुण्यात आणि मुंबईत मॅक्समुल्लर भवन आहे. फी नसली तरी एक वर्षाच्या खर्चाची रक्कम, सुमारे बारा हजार युरो, खात्यात दाखवावी लागते हे मात्र लक्षात ठेवावे. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, तेव्हा ही वाट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. जपानी भाषेच्या परीक्षेला पाच पायऱ्या आहेत. जपानी भाषेतून पदवी घ्यायची तर साधारणपणे वरच्या दोन पायऱ्यांपर्यंत जावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात. बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलांनी तिचा विचार जरूर करावा.

नावाची गोष्ट

ही बाब छोटी आहे, पण तिने अनेकांना रडवले आहे. भारतात आयईएलटीएसला ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो. पासपोर्टवर जे नाव तेच निकालावर येते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, जात प्रमाणपत्रावर तिसरे. कांबळे एका घरात तीन प्रकारे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज तपासणारा बाबू ही तिन्ही कागदे शेजारी ठेवतो. म्हणून पासपोर्ट काढण्याआधीच सगळीकडे नाव सारखे करून घ्यावे. जात वैधता प्रमाणपत्राचेही काम तेव्हाच सुरू करावे.

आता त्या मुलीकडे वळतो. क्लासवाल्यांनी तिला सांगितले होते, पूर्ण कोर्स पुन्हा करा, परीक्षा पुन्हा द्या. आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, निकाल पटत नसेल तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते आणि गुण वाढले तर तिची फी परत मिळते. दुसरी, संगणकावर परीक्षा दिली असेल तर साठ दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो, त्याची फी पूर्ण परीक्षेपेक्षा कमी असते. मात्र एका भागाची ही फेरपरीक्षा सगळी विद्यापीठे मानत नाहीत आणि व्हिसासाठी चालते का तेही वेगळे विचारावे लागते.

तिने त्याच रात्री विद्यापीठाला ईमेल लिहिला. तीन ओळींचा. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, चालेल. मग महिनाभर संध्याकाळी सात ते नऊ ती विहाराच्या वाचनालयातील जुन्या संगणकावर बसली. रोज एक निबंध. साचा नाही, जड शब्द नाहीत. विचारले तेवढ्याचे उत्तर. आमच्यातील एक निवृत्त शिक्षक लाल पेन घेऊन तपासत आणि ओरडत, "बाळ, तुला स्वतःला काय वाटतं ते कुठं आहे यात?"

लेखनात तिला साडेसहा मिळाले. बिनअटीचे पत्र गेल्या आठवड्यात आले. माउलीने या वेळी पेढे वाटले नाहीत. पत्राच्या चार झेरॉक्स काढल्या, एक बचत गटाच्या ताईंना नेऊन दाखवली आणि उरलेल्या तीन मुलीने अर्जाला जोडल्या. शिष्यवृत्तीची यादी अजून लागायची आहे.